चौथ्या मजल्यावरून उड्डाण

"घर?" आईने विचारलं.

"घर जागेवर आहे," आत्या म्हणाली.

"ताई, असं नाही. 'घर तयार' म्हणायचं."

"घर कशाला तयार होईल? घर थोडंच येतंय आपल्याबरोबर."

आईने डोळे मिटले, एक खोल श्वास घेतला आणि गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. दारापाशी चौघंजण बुटांच्या कपाटाला खेटून उभे होते: आई, बाबा, आत्या आणि भिंगरी. सगळ्यांनी पायांत बूट चढवले होते, बाबांच्या हातात गाडीची किल्ली होती, आणि तरी कुणी कुठे जात नव्हतं.

गावाच्या टोकाला समुद्राकाठी जे प्रक्षेपण केंद्र होतं, तिथे उलटगणती चालवणं हे आईचं काम. उड्डाणाच्या दिवशी ती कानांना हेडफोन लावून बसायची आणि एकेका विभागाला विचारायची: इंधन? हवामान? दिशा? प्रत्येकाने "तयार" म्हटलं की गणती पुढे सरकायची. पण तिथला सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. कोणीही, अगदी काल नोकरीला लागलेल्या माणसानेही, "थांबा" म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबायचं. त्याच्यावर डाफरायचं नाही. "आत्ता सुचलं का?" असं विचारायचं नाही. कारण रॉकेटला ब्रेक नसतो, आई म्हणायची. एकदा सुटलं की सुटलं.

घरी मात्र कधीही बाहेर पडायचं झालं तर आधी सगळे एकमेकांवर डाफरून घेत आणि मग निघत. बाबा खाली जाऊन हॉर्न वाजवायचे, आत्याला अर्ध्या जिन्यात गॅस आठवायचा, आणि आई एका पायात चप्पल घालून फोनवर बोलत राहायची. आज तसं होऊन चालणार नव्हतं. म्हणून आज आईने सूत्रं स्वतःच्या हातात घेतली होती.

आज भिंगरीचं भाषण होतं.

भिंगरी नववीत होती. आपल्याला चारचौघांत बोलता येतं हा शोध तिला नुकताच लागला होता. विज्ञानाच्या बाईंचा घसा बसला, त्यांनी धडा वाचायला हिला उभं केलं, आणि सगळा वर्ग, अगदी मागच्या बाकासकट, चिडीचूप ऐकत राहिला. तेव्हापासून ती जी बोलायला लागली होती ती थांबलीच नव्हती. त्यामुळे गावातल्या मोठ्या सभागृहात 'उपग्रह कक्षेत कसा जातो' यावर शाळेकडून कोण बोलणार हे ठरवायला बाईंना फारसा विचार करावा लागला नाही.

प्रश्न बोलण्याचा नव्हता, ऐकण्याचा होता. भिंगरीच्या शाळेतला एकही कार्यक्रम आईने आजवर पाहिला नव्हता. धावण्याच्या शर्यतीच्या आठवड्यात ढग आले म्हणून उड्डाण पुढे गेलं, ते नेमकं शर्यतीच्याच दिवशी येऊन बसलं. नाटकात भिंगरी राजाची आई झाली, तर त्या संध्याकाळी कुठलासा व्हॉल्व्ह गळायला लागला. बक्षीस समारंभाला वारा सुटला. शाळेचं वेळापत्रक रॉकेटला कुणीतरी आतून कळवतं, असा भिंगरीला दाट संशय होता.

या वेळी आईने रीतसर रजा काढली होती. "पहिल्या रांगेत बसणार मी," ती म्हणाली होती. "काहीही होवो." भिंगरीनेही तिला भाषणातलं एकही वाक्य आधी ऐकू दिलं नव्हतं. आरशाला ऐकवलं, बाबांना ऐकवलं, बाबांच्या दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या एका काकांना ऐकवलं. आईसाठी मात्र सगळं राखून ठेवलं होतं.

"गाडी?" आईने विचारलं.

"तयार," बाबा म्हणाले.

"उपग्रह?"

"तयार," भिंगरी म्हणाली. उपग्रह म्हणजे तीच. बाकी सगळा पसारा उपग्रहासाठी असतो, आणि उपग्रहाने फक्त शांत राहायचं असतं, असं आईने तिला समजावलं होतं. भिंगरीच्या वाट्याला आलेलं हे आजवरचं सगळ्यात अवघड काम होतं.

"घर?"

आत्या घुटमळली. मग दबकत म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले.

"मागच्या बाल्कनीचं दार लावलं की नाही, आठवत नाही."

बाबांनी "ताई, तू दर वेळी" इतकं म्हणून तोंड उघडंच ठेवलं, कारण आईने बोट वर केलं होतं.

"नियम," आई म्हणाली. "धन्यवाद, ताई. तपासून या."

आत्या गेली. दार लावलेलंच होतं. ती परत आली आणि अपराधी चेहऱ्याने उभी राहिली. पण कुणी चकार शब्द काढला नाही. कुणी उसासा टाकला नाही. आत्याने तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळायला लागलं.

आत्या बाबांची मोठी बहीण. टपाल कचेरीतून निवृत्त होऊन ती इथे राहायला आली तेव्हापासून या घरात तिचं एकही वाक्य पूर्ण झालेलं नव्हतं. बाबा दातांचे डॉक्टर. ज्यांच्या तोंडात काहीतरी कोंबलेलं आहे अशाच लोकांशी बोलायची त्यांना सवय, त्यामुळे समोरच्याच्या उत्तरासाठी थांबणं त्यांना माहीतच नव्हतं. आई कानांना हेडफोन लावणारी. आणि भिंगरीचं तर आत्ताच सांगितलं. अशा घरात, एका शब्दावर, तिघंही तिच्यासमोर पुतळ्यासारखे उभे होते.

गणती पुन्हा सुरू झाली.

"थांबा," आत्या म्हणाली. या वेळी आवाज मोकळा होता. "खिडकीतली कुंडी आत घेते. वारा आहे."

कुंडी आत आली.

"थांबा. नळ टपकतोय का ते ऐकू द्या जरा."

सगळ्यांनी कान दिला. नळ टपकत नव्हता.

"थांबा. ही पोर असे केस पिंजारून जाणार का स्टेजवर?"

"ताई, केस घर विभागात येत नाहीत," बाबा म्हणाले.

"घरातल्या माणसांचे केस घरातच येतात."

दोघांनी आईकडे पाहिलं. आईने क्षणभर विचार केला. "ग्राह्य आहे," ती म्हणाली, आणि भिंगरीची घट्ट वेणी घातली गेली.

"थांबा," आत्या म्हणाली, आणि आता ती बाबांकडे वळली. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू मला आणायला आला नाहीस. कंपाउंडरला पाठवलंस."

बाबांच्या हातातली किल्ली वाजायची थांबली.

"ताई," आई जपून म्हणाली, "याचा आजच्या उड्डाणाशी काही संबंध आहे का?"

"मनात आहे माझ्या. मनात ठेवून निघायचं का?"

हा प्रश्न केंद्रात आजवर कुणी विचारला नव्हता. आईने तो सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला. "नाही," ती शेवटी म्हणाली. "शंका मनात ठेवून निघायचं नाही. बोला." आणि बाबांनी, बूट घातलेल्या पायांनी, दारात उभं राहून, मोठ्या बहिणीची माफी मागितली. आत्याने ती दिली. मग तिने आणखी एकदा "थांबा" म्हटलं, का तर डोळे पुसायचे होते.

"आई, आपल्याला उशीर होतोय," भिंगरी म्हणाली. भाषणांत पहिला नंबर तिचाच होता.

"उशीर झालेलं रॉकेट उद्या उडवता येतं," आई म्हणाली. "घाईने उडवलेलं गोळा करावं लागतं."

"माझं उद्या नाहीये गं."

आईने तिच्याकडे पाहिलं आणि पुढची गणती जरा भरभर घेतली. घर तयार झालं. गाडी तयार झाली. उपग्रह तर केव्हाचा तयार होता. कुलूप लागलं, ते आत्याने दोनदा ओढून पाहिलं, आणि चौघंजण लिफ्टमध्ये शिरले.

लिफ्ट जुनी होती. तिला जाळीचं सरकतं दार होतं, त्यातून एकेक मजला वर सरकताना दिसायचा. बाबांनी बटण दाबलं. लिफ्ट कुरकुरत निघाली तसा भिंगरीचा जीव भांड्यात पडला, आणि इतका वेळ गप्प बसल्याची भरपाई म्हणून ती मोठ्याने मजले मोजू लागली. "चार. तीन."

"गणती चालू," आई म्हणाली. ती हसत नव्हती.

"थांबा," आत्या म्हणाली.

आता, एरवी चालत्या लिफ्टमध्ये कुणी थांबा म्हटलं तर माणूस "काय झालं?" म्हणेल. पण बाबांना मघापासून वळण लागलं होतं. शब्द कानावर पडला आणि त्यांचा हात आपसूक वर गेला आणि त्याने लाल बटण दाबलं. लिफ्ट गचकन थांबली, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध.

"का थांबवलीस?" आईने विचारलं.

"ताई थांबा म्हणाली."

"ताई, काय झालं?"

"रुमाल पडला माझा," आत्या म्हणाली.

रुमाल तिच्याच पायाशी होता. भिंगरीने तो उचलून दिला. बाबांनी हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी तळमजल्याचं दाबलं, मग सगळ्याच मजल्यांची दाबली, मग दाढ काढताना लावतात तसा जोर लावून हिरवं पुन्हा दाबलं. लिफ्टने हूं की चूं केलं नाही.

आणि कुणाला डाफरता येत नव्हतं. नियमाच्या इतिहासात इतकी कठीण घडी आली नसेल. बाबांच्या गालाची शीर उडत होती. आई जाळीकडे बघत होती. भिंगरीने ओठ इतके घट्ट मिटले होते की ते दिसेनासे झाले.

"धन्यवाद, ताई," शेवटी आई म्हणाली. म्हणताना तिला किती कष्ट पडले हे तिचं तिलाच ठाऊक.

हाकाहाकी झाल्यावर वॉचमन आला. तो तिसऱ्या मजल्यावर उभा होता, त्यामुळे जाळीच्या वरच्या फटीतून त्याचे फक्त बूट दिसत होते.

"कोण आहे आत?" बुटांनी विचारलं.

"आम्ही. चौथ्या मजल्यावरचे."

"मग खाली जायचं बटण दाबा."

"दाबलं."

"परत दाबा."

"परतही दाबलं."

बूट जरा विचारात पडले. "लाल बटण कुणी दाबलं नाही ना?"

बाबांनी हात खिशात घातला.

"ते दाबायचं नसतं," बूट म्हणाले. "मेकॅनिकला फोन लावतो." थोड्या वेळाने ते परत आले. "निघालाय तो."

"कुठून निघालाय?" बाबांनी विचारलं.

"ते नाही सांगितलं त्याने. निघालोय म्हणाला."

भिंगरी कोपऱ्यात सरकली. कडक इस्त्रीचा शर्ट भिंतीला घासत होता, पण आता त्याला कोण विचारतो. सभागृहात आता दिवे लागले असतील. माईक ठोकून बघितला असेल. "संपलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नववीतून एकदम तिसरीत गेला. "मला वाटलं होतं, या वेळी रॉकेट नाही, म्हणजे तू येशील. रॉकेट नव्हतं तर तू घरातच केलंस."

ज्या बाईच्या एका शब्दावर शेकडो माणसं हलायची, ती लिफ्टच्या भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. तिने सवयीने फोन काढला. लिफ्टमध्ये रेंज नव्हती. तिने तो परत ठेवला.

"इथेच बोल," ती म्हणाली.

"इथे?"

"पहिली रांग आहे ही," बाबा म्हणाले. "दुसरी नाहीच."

"नको. असं नाही होत. समोर लोक लागतात."

मग रुमालाची घडी घालत आत्या म्हणाली, "मला विचारशील तर, मला खरंच काही कळत नाही बघ. इतकी वर्षं राहते मी इथे, पण तुझी आई काय करते ते मला कधी कुणी नीट सांगितलंच नाही. आणि विचारायला गेलं तर कुणी वाक्य पुरं करू देत नाही. ती एवढी थोरली वस्तू वर जाते. ठीक. मग ती खाली का पडत नाही?"

"पडतेच ना, आत्या," भिंगरी म्हणाली.

"पडते?"

"सारखी पडत असते." भिंगरीने नाक पुसलं. "हे बघ. आपल्या गच्चीवरून तू एक चेंडू सरळ समोर फेकलास."

"मी कशाला फेकू?"

"समज गं. तो वळत वळत खाली पडेल. कुठे? फाटकापाशी. जोरात फेकलास तर रस्त्यापलीकडे. आणखी जोरात, तर समुद्रात. पडतो दर वेळी, फक्त लांब जाऊन पडतो. पण पृथ्वी गोल आहे. तू जर इतक्या जोरात फेकलास की चेंडू जितका खाली येतो तितकीच खालची जमीनही वाकून दूर जाते, तर?"

आत्याने मनातल्या मनात चेंडू फेकला. तिची नजर जाळीतून बाहेर, भिंतीपलीकडे, दूर कुठेतरी गेली. "तर त्याला जमीन सापडणारच नाही."

"बास. पडत राहायचं, पण जमीन चुकवायची. त्यालाच कक्षा म्हणतात."

"म्हणजे तुझी आई," आत्या सावकाश म्हणाली, "इतकी माणसं कामाला लावून, जेवणखाण सोडून, एक वस्तू पडायला सोडते."

"अगदी बरोबर," आई म्हणाली. केंद्राचं असं वर्णन तिने कधी ऐकलं नव्हतं, पण त्यात चूकही सापडत नव्हती.

"मग उंच कशाला न्यायची? गच्चीवरून सोडायची."

"हवा असते ना मध्ये," भिंगरी म्हणाली. आता ती कोपऱ्यातून बाहेर आली होती. लिफ्टमध्ये हात पसरायला जागा नव्हती तरी तिने ते पसरले, आणि बाबांनी चष्मा सांभाळला. "इतक्या जोरात हवेतून गेली तर घासून जळेल. म्हणून आधी हवेच्या वर जायचं, आणि जाता जाता हळूहळू आडवं व्हायचं. लोकांना वाटतं, रॉकेट म्हणजे वर जाणं. वर जाणं सोपं आहे, आत्या. खरी मेहनत आडवं जाण्यात असते. सेकंदाला पाच किलोमीटर..."

"आठ," वरून आवाज आला.

आतल्या चौघांनी एकदम वर पाहिलं. आत्या पट्कन सावरून उभी राहिली.

"जवळजवळ आठ," तो गंभीर आवाज लिफ्टच्या विहिरीतून खाली उतरला. "पाचावर पडेल."

आईच्या टाचा आपोआप जुळल्या. "सर?"

ते सहाव्या मजल्यावरचे साहेब होते. केंद्राचे निवृत्त संचालक. आईला हेडफोन पहिल्यांदा दिला तो त्यांनीच. "मीच," ते वरून म्हणाले. "लिफ्ट येईना म्हणून दारात खुर्ची टाकून बसलोय. मुलगी चांगली बोलते. पण आठ."

"आठ," भिंगरी म्हणाली.

"तुम्ही कुठे निघाला होतात, सर?"

"सभागृहात. शाळेच्या कार्यक्रमाचा अध्यक्ष आहे म्हणे मी. या गुडघ्यांना जिना झेपत नाही. फोन करून सांगितलंय त्यांना, मी आल्याशिवाय सुरू करू नका."

मग दंतवैद्याच्या शिस्तीने बाबांनी एकेक धागा सोडवला. "म्हणजे आपण अडकलो म्हणून साहेब अडकले. साहेब अडकले म्हणून कार्यक्रम अडकला. आणि कार्यक्रम अडकला म्हणून आपल्याला उशीर झालेलाच नाही."

"लिफ्ट कशाने बंद पडली?" साहेबांनी विचारलं.

"तांत्रिक बिघाड," आत्या म्हणाली.

बिघाडाचं कारण आयुष्यात कधीही न लपवणारी आई लिफ्टच्या छताकडे पाहत राहिली.

"पुढे बोल, मुली."

आणि भिंगरी बोलली. ती असं बोलली, की आरशासमोर किंवा दवाखान्यात ती कधी बोललीच नव्हती असं वाटावं. आत्या मध्येमध्ये अडवत होती, साहेब वरून दुरुस्त करत होते, आणि दर अडथळ्यागणिक भाषण सुधारत होतं. जाळीच्या फटीत वॉचमनच्या बुटांशेजारी आणखी बूट येऊन उभे राहिले, मग चपला, मग कुणीतरी सरळ पायरीवर बसलं.

"रॉकेटच्या वजनात दहातले नऊ भाग तर नुसतं इंधन असतं," भिंगरी सांगत होती. "कारण उपग्रह उचलायला इंधन लागतं, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन. म्हणून रॉकेट टप्प्याटप्प्याचं करतात. एका टप्प्यातलं इंधन संपलं की ती रिकामी टाकी सोडून द्यायची. ओझं कमी."

"सोडून द्यायची?" आत्याला हे सगळ्यात जास्त लागलं. तिच्या कपाटात मुरंब्यापासून शाईपर्यंत कशाकशाच्या रिकाम्या बरण्या होत्या. "रिकामा डबा टाकून देतात? धुऊन ठेवत नाहीत?"

"समुद्रात पडतो तो."

"झाकणासकट?"

भिंगरीने आईकडे पाहिलं.

"झाकणासकट," आई म्हणाली.

आत्याने हातातला रुमाल घट्ट धरला, जणू तोही कुणी टाकून देईल.

तेवढ्यात फटीत तेलकट बूट आले आणि हत्यारांची पिशवी खण्णकन जमिनीवर टेकली. "चला, झालं," मेकॅनिक म्हणाला. "वरून तार जोडली की चालू होईल. करू चालू?"

भिंगरी शेवटच्या भागाशी आली होती. ती एकदम गप्प झाली. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई भिंतीला टेकून, हात मागे बांधून, मुलीकडे बघत होती. घरात ती कुणाकडेच इतका वेळ बघत नसे.

"थांबा," आत्या म्हणाली.

"का?" मेकॅनिकने विचारलं.

"का ते विचारायचं नसतं," सहाव्या मजल्यावरून आवाज आला. मेकॅनिक पिशवी जवळ ओढून पायरीवर बसला.

"उपग्रह सुटला," भिंगरी म्हणाली, "की पुढे त्याला कुणी धरत नाही, ढकलत नाही. तो एकटाच पडत राहतो. खाली जे लोक असतात त्यांचं काम खरं तर संपलेलं असतं. पण तरी कुणी खुर्चीवरून उठत नाही. पृथ्वीच्या पलीकडून फिरून त्याचा पहिला आवाज येईपर्यंत सगळे तसेच बसतात. ज्या दिवशी तो आवाज येतो, त्या दिवशी माझी आई घरी येऊन एक शब्द बोलत नाही. बूट काढते आणि तशीच जमिनीवर बसते. पूर्वी मला वाटायचं, ती दमली. आता मला वाटतं, ती अजून ऐकत असते."

जिन्यात कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या वरच्या मजल्यापर्यंत गेल्या. वॉचमनचे बूटही एकमेकांवर आपटले. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे हात अजून मागेच होते. ती काहीतरी बोलणार होती, इतक्यात मेकॅनिकने तार जोडली, लिफ्ट हिसका देऊन हलली आणि ते वाक्य राहून गेलं.

साहेबांना पुढच्या सीटवर बसवून गाडी निघाली. लिफ्टमधून बाहेर पडल्याबरोबर आईच्या फोनला रेंज आली होती आणि तो पर्समध्ये थरथरत होता. आईने पर्सची चेन लावली.

सभागृह खच्चून भरलं होतं. उशिराबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण अध्यक्षांबरोबर येणारी माणसं उशिरा येत नसतात. आई पहिल्या रांगेत बसली, आत्या तिच्याशेजारी, बाबा टोकाला. भिंगरी स्टेजच्या पडद्याआड उभी राहिली. अध्यक्षांनी दिवे मंद करायला सांगितले, आणि नेमक्या त्या क्षणी पहिल्या रांगेत फोनचा उजेड पडला.

आईचा चेहरा त्या उजेडात दिसला तसं भिंगरीला सगळं कळलं. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. आईने पडद्याच्या दिशेने पाहिलं. "व्हॉल्व्ह?" भिंगरीने नुसत्या ओठांनी विचारलं. आईने मान डोलावली. ती उठली नाही. उठू की नको, असं तिच्या खांद्यांवर लिहिलेलं होतं.

भिंगरी नेहमीसारखा राग यायची वाट पाहत राहिली. तो आला नाही. तिने हनुवटीने दाराकडे खूण केली, जा म्हणून, आणि आई वाकून, लोकांचे पाय चुकवत, भरभर निघून गेली. आत्याने लगेच त्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली, आणि शेजारून कुणी सरकायला लागला की ती त्याच्याकडे अशी पाही की तो परत जागेवर जाई.

भाषण चांगलं झालं. 'आठ' म्हणताना भिंगरीने अध्यक्षांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. तरी लिफ्टमधल्या भाषणाची सर त्याला नव्हती. मध्ये कुणी अडवत नव्हतं ना.

मध्यंतरात ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा दारावरचा माणूस स्टुलावर बसून पास मोजत होता. त्याने तिला ओळखलं.

"तूच ना ती पडणाऱ्या चेंडूवाली? बरं बोललीस. मी इथून ऐकलं सगळं." तो जरा पुढे झुकला. "पण लोकांचं काही खरं नाही बघ. तुझं नाव पुकारलं, आणि पहिल्या रांगेतली एक बाई तरातरा बाहेर. मी दार अडवलं. म्हटलं, बाई, दोन मिनिटं बसा की, पोरगी आता बोलायला उभी राहतेय. तर म्हणते, 'ऐकलं मी. फार छान बोलली.'"

भिंगरी ग्लास तसाच हातात धरून उभी राहिली.

"'छान' म्हणाली," तिने विचारलं, "की 'फार छान'?"

दारावरच्या माणसाने पास बाजूला ठेवले आणि नीट आठवून पाहिलं.

"फार छान," तो म्हणाला. "तेच तर सांगतोय मी तुला. एक अक्षर न ऐकता."